छातीतला इशारा कोणी ऐकावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने चार शब्द बोलावेत अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर चूल, मुले आणि घरातली वडील माणसे हीच माझी शाळा झाली. तेव्हा मी काही व्याख्यान देणार नाही. गेल्या अडीच वर्षांत आमच्या घराला एक गोष्ट शिकावी लागली. ती तुम्हां सर्वांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे, म्हणून तेवढीच सांगते.

विषय असा आहे. हृदयाच्या विकारासाठी छातीत जे यंत्र बसवतात, त्यांतली काही यंत्रे बिघाड झाला की स्वतः आवाज करून तसे सांगतात. पण ज्याच्या छातीतून तो आवाज निघतो, त्या माणसाला तो ऐकू येतो का? प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका सोपा वाटतो. उत्तर मात्र तितके सोपे नाही.

आधी यंत्रांची ओळख करून घेऊ. ती मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला पेसमेकर. हृदयाचे ठोके फार सावकाश पडू लागले किंवा मध्येच चुकू लागले, तर तो विजेचा अगदी हलका टोला देऊन ठोका पाडतो. दुसरे यंत्र आकाराने थोडे मोठे असते. डॉक्टर त्याला आय.सी.डी. म्हणतात, आपण त्याला झटका देणारे यंत्र म्हणू. हृदय एकाएकी भलत्या वेगाने बेताल थरथरू लागले, तर माणूस काही क्षणांत शुद्ध हरपतो आणि काही मिनिटांत उपाय झाला नाही तर दगावतो. अशा वेळी हे यंत्र आतल्या आत जोराचा झटका देते आणि हृदयाला पुन्हा तालावर आणते. दोन्ही यंत्रे बहुधा डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत ठेवतात. तिथून तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात.

या यंत्रांच्या जन्मकथेत आपण बायकांनी लक्षात ठेवावे असे काही आहे. पेसमेकर माणसाच्या शरीरात प्रथम बसवला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडन देशात, कॅरोलिन्स्का रुग्णालयात. शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली आणि यंत्र रूने एल्मक्विस्ट या इंजिनिअरांनी तयार केले. रोगी होते आर्ने लार्सन. त्यांना दिवसातून अनेकदा फेफरे येई आणि ते शुद्ध हरपत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी या दोघांच्या मागे लकडा लावला, तेव्हा कुठे ते यंत्र तयार झाले. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते ओतले होते. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण पुढे एकामागून एक अशी वीसहून अधिक यंत्रे बदलत लार्सन २००१ सालापर्यंत जगले. यंत्र करणारे १९९६ साली गेले, शस्त्रक्रिया करणारे २००० साली गेले, आणि रोगी दोघांच्याही मागे राहिला! एका बाईच्या चिकाटीचे हे फळ.

झटका देणारे यंत्र मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांच्या ध्यासातून झाले. त्यांचे वरिष्ठ डॉक्टर १९६६ साली अशाच बेताल ठोक्यांनी गेले, आणि तेव्हापासून त्यांनी हा विचार सोडला नाही. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते यंत्र प्रथम माणसाच्या शरीरात बसवले. ज्यांच्या शरीरात बसवले, ती एक स्त्री होती.

आता आवाजाकडे वळू. साध्या पेसमेकरमधून बहुधा कसलाच आवाज येत नाही. त्याची हालहवाल तपासणीतच कळते. आवाज करतात ती मुख्यतः झटका देणारी यंत्रे. त्यांतही कंपनीप्रमाणे तऱ्हा निराळी. मेडट्रॉनिकच्या यंत्रांत दोन तऱ्हेचे सूर असतात. एक उंच-नीच, उंच-नीच असा, रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा, तो तातडीचा. दुसरा एकाच सुरात थांबून थांबून वाजणारा. इशारा सुरू झाला की तो रोज नेमून दिलेल्या वेळी वाजतो आणि डॉक्टर तपासणी करून बंद करीपर्यंत रोज वाजत राहतो. बोस्टन सायंटिफिकच्या यंत्रांतून दर सहा तासांनी सोळा वेळा ‘पीं पीं’ असा आवाज येतो. ॲबट कंपनीची काही यंत्रे वाजतच नाहीत. खिशातला मोबाईल थरथरतो तशी ती छातीत थरथरतात. म्हणून आपल्या माणसाचे यंत्र कोणते आहे आणि ते कसे सांगते, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे. शेजारणीच्या यजमानांचे वाजते म्हणून आपल्याकडचेही तसेच वाजेल, असे धरून चालू नये.

यंत्र सांगते तरी काय? बॅटरी उतरत आली असेल तर ते सांगते. बॅटरी संपल्यावर नव्हे, संपत आली असता सांगते. बहुतेक वेळा तेव्हा सुमारे तीन महिन्यांची सोय शिल्लक असते. हृदयाकडे जाणाऱ्या तारेत काही दोष शिरला असेल तर तेही सांगते. तारेचा दोष फार वाईट. तार आतून तुटू लागली की यंत्राला खोटीच खरखर ऐकू येते. हृदय थरथरते आहे असे समजून ते चांगल्या शुद्धीतल्या माणसाला झटके देते. कधी याच्या उलट होते, आणि खरी गरज असते तेव्हा झटका पोचतच नाही. तेव्हा तो बारीकसा ‘पीं’ म्हणजे थट्टा नव्हे.

मग इतक्या महत्त्वाचा आवाज ऐकू का येऊ नये?

पहिले कारण वय. ही यंत्रे बहुतेक वयस्क माणसांच्या छातीत असतात, आणि वाढत्या वयात आधी जाते ते बारीक, उंच सुराचे ऐकणे. म्हाताऱ्या माणसाला आपले बोलणे ऐकू येते, म्हणून आपण समजतो की कान ठीक आहेत. पण ताप पाहायच्या थर्मामीटरची टीं-टीं त्याला ऐकू येते का, हे एकदा पाहा. आमच्या घरी ती ऐकू येत नव्हती, थर्मामीटर काखेतच राही आणि “अजून झाले नाही का?” असे विचारणे चाले. यंत्राचा आवाजही त्याच जातीचा.

दुसरे कारण असे, की यंत्र कातडी-मांसाच्या आत असते. वर बनियन, सदरा, थंडीत स्वेटर आणि शाल. आवाज दबून बाहेर येतो. तिसरे कारण आपले घर. सकाळी मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, पंपाची घरघर, टीव्हीवरची भजने, डोक्यावर पंखा. त्यात काही सेकंदांचा तो आवाज! चौथे असे, की ऐकू आला तरी ओळखू येत नाही. आजकाल घरात काय वाजत नाही? मोबाईल वाजतो, इन्व्हर्टर वाजतो, कपडे धुण्याचे मशीन वाजते. आपल्या छातीतून आवाज येईल हे माणसाच्या मनातही येत नाही. आणि ज्यांच्या कानांत सदाच गुणगुण चालते, ते म्हणतात, “हे माझ्या कानाचेच!”

डॉक्टर लोकांनी रोग्यांना समोर बसवून हे सूर वाजवून पाहिले आहेत. त्यांतही बऱ्याच जणांना सूर ऐकू आला नाही, आणि काहींना ऐकू आला तरी कशाचा ते ओळखता आले नाही, असे आढळले. तेव्हा ही एखाद्या घरची गोष्ट नाही.

आता आमच्या घरचे सांगते. माझ्या मामंजींचे वय शहात्तर. अडीच वर्षांपूर्वी त्यांना झटका देणारे यंत्र बसवले. रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. घरी सोडताना पथ्य सांगितले, औषधे सांगितली, आणि एक इंग्रजी पुस्तिका हातात दिली. यंत्र वाजते, ही गोष्ट तोंडाने कोणी सांगितली नाही. मामंजींनी पुस्तिका देवघराच्या फडताळात जपून ठेवली, पंचांगाशेजारी.

मागच्या थंडीत एका सकाळी माझी धाकटी शाळेत जाण्यापूर्वी आजोबांजवळ बसून बूट घालीत होती. ती म्हणाली, “आई, काहीतरी वाजतेय.” सासूबाई मटार सोलीत होत्या, त्यांनाही कानावर पुसटसे आले, पण त्यांना वाटले कुठे पाखरू ओरडते आहे. ह्यांना वाटले इन्व्हर्टर बिघडला, म्हणून इन्व्हर्टरवाल्याला फोन गेला. मामंजी वर्तमानपत्र वाचीत होते. ते म्हणाले, “काही वाजत नाही. तुम्हां सगळ्यांना भास होतात.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. मी घड्याळ पाहिले, तर कालचीच वेळ, बरोबर साडेआठ. इन्व्हर्टर काही घड्याळ पाहून वाजत नाही. धाकटीने सरळ आजोबांच्या सदऱ्याला कान लावला आणि ओरडली, “आजोबा, तुम्हीच वाजताय!”

फोन केला, त्याच दिवशी बोलावणे आले. तारेत दोष शिरला होता. त्यांना तिथेच ठेवून घेतले आणि पुढे तार बदलली. झटका एकही बसला नाही, ही देवाची कृपा आणि त्या पोरीच्या कानांची.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढचेच. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी आपल्या यंत्रावरून तो सूर मुद्दाम वाजवून दाखवला. आम्ही चौघेजण खोलीत होतो. सूर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आम्ही सगळे मामंजींच्या तोंडाकडे पाहू लागलो. ते आपले डॉक्टरांकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “अहो, वाजवा की!”

कोणी हसले नाही. त्यांच्याही ते ध्यानात आले. सबंध वाटेत ते गप्प होते. आयुष्यभर ज्यांनी पेढीवर बसून शंभर माणसांचे ऐकून घेतले, त्यांना स्वतःच्या छातीतले ऐकू येत नाही, हे पचवणे सोपे नव्हे. घरी आल्यावर सासूबाईंना एवढेच म्हणाले, “आता तू ऐकत जा.” आणि पुढच्या आठवड्यात, तीन वर्षे ज्याला ‘नाही’ म्हणत होते, त्या कानाच्या डॉक्टरांकडे स्वतःहून चला म्हणाले.

मैत्रिणींनो, बहिरेपणाची आपल्याकडे उगाच लाज आहे. चष्मा लावताना कोणी लाजत नाही. कानाला यंत्र लावायचे म्हटले की माणूस अंग चोरतो. आणि छातीतल्या यंत्राची तर त्याहून लपवालपवी! पुरुषांचे सोडा, बायका किती झाकून ठेवतात ते आपण जाणतो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, लोक काय म्हणतील, सुनेला कळले तर ती स्वयंपाकघरात शिरू देणार नाही, असल्या भीतीने गळाबंद पोलके आणि वर पदर. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण पैशाच्या बाबतीत ठीक. यंत्राच्या बाबतीत ती घात करील. ज्याचे यंत्र कोणालाच ठाऊक नाही, त्याचा आवाज कोण ओळखणार? भिंतींना कान असतात म्हणतात, पण ते चुगलीसाठी. अशा वेळी भिंती उपयोगी पडत नाहीत, माणसे पडतात.

कोणी म्हणेल, आता तर उशाशी ठेवायची पेटी निघाली आहे. ती यंत्राची खबर परस्पर रुग्णालयाला कळवते. हे खरे आहे, आणि ज्यांना मिळण्यासारखी असेल त्यांनी ती जरूर मागावी. ज्यांचे कान गेले त्यांना तर ती मोठाच आधार आहे. परंतु ती पेटी विजेला जोडलेली हवी, खोलीत मोबाईलची रेंज हवी, आणि पलीकडे ती खबर वाचणारे माणूस हवे. रात्री-अपरात्री धावून येणारी ती सेवा नव्हे. म्हणून पेटी असली तरी घरातले कान हवेतच.

आता आम्ही काय करतो ते सांगते. पटेल तेवढे घ्या.

तपासणीला जाताना मामंजींबरोबर घरातले निदान एक तरी माणूस खोलीत जाते, आणि दर वेळी सूर वाजवून दाखवायला सांगते. नातवंडांनाही एकदा नेऊन ऐकवले. पोरांचे कान सर्वांत तिखट. एम.आर.आय. तपासणी झाली असेल तर हे अधिकच आवश्यक, कारण काही यंत्रांचा आवाज तिच्यानंतर कायमचा बसू शकतो. तसेच एम.आर.आय.ला नेण्यापूर्वी यंत्राची गोष्ट तिथे सांगितलीच पाहिजे.

इशारा वाजण्याची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेता येते. आमची साडेआठची होती, म्हणजे ऐन कुकर-मिक्सरच्या धांदलीची. ती आम्ही दुपारी चारची करून घेतली. तेव्हा चहाला सगळे एकत्र बसतात, टीव्ही बंद असतो. ज्यांचे मुलगे परदेशी आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावे: यंत्रातले घड्याळ गावाप्रमाणे आपोआप बदलत नाही. इथली सकाळची नऊची वेळ अमेरिकेत न्यूयॉर्ककडे आदल्या रात्री साडेदहा-साडेअकराला येते, म्हणजे माणूस झोपेत.

लोहचुंबक छातीपासून दूर ठेवतो. चुंबक जवळ आला की काही यंत्रे लांब सूर काढतात किंवा पीं-पीं करतात, आणि तो जवळ असेतोवर झटका देण्याचे काम थांबवून बसतात. असा आवाज आला तर तिथून बाजूला व्हावे, आणि बाजूला झाल्यावरही थांबला नाही तर डॉक्टरांना कळवावे. घरी चुंबक लावून आवाज काढून पाहण्याचा खेळ कोणी करू नये. मोबाईल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. तो यंत्रापासून वीतभर तरी लांब असावा. बायकांनीही तो पोलक्यात खोवू नये! इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब राहावे.

आवाज आला आणि माणूस बरा असेल तर घाबरून जाऊ नये, पण त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा. एक झटका बसला आणि नंतर ठीक वाटले, तरी फोन करावा. लागोपाठ झटके बसले, छातीत दुखू लागले किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर वाट न पाहता १०८ला फोन करून गाडी बोलवावी. झटका बसताना त्या माणसाला आपला हात लागला तर फार तर झिणझिण्या येतील. म्हणून त्याला एकटे टाकून दूर पळू नये.

आणि शेवटचे, पण मला वाटते सर्वांत मोठे: आवाज ऐकू आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजून ठरलेली तपासणी कधीही चुकवू नये. आवाज ही जास्तीची खबरदारी आहे, तपासणीच्या बदल्यात नाही.

आता मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आमच्या घरी ऐकायला पाचजण होते. पण आपल्या आळीत अशाही भगिनी आहेत की ज्यांची मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात आणि घरात दुसरे माणूस नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या छातीत असे यंत्र असेल, तर त्यांचे कान कोण होणार? आपण हळदीकुंकवाला जातो, मंगळागौर जागवतो, एकमेकींकडे वाटीभर साखर मागतो. तशीच ही एक देवघेव ठरवू या. ज्यांना यंत्र आहे त्यांनी आपल्या विश्वासाची एक शेजारीण निवडावी आणि तिला दोनच गोष्टी सांगाव्यात: यंत्र कसे वाजते आणि कोणत्या वेळी. त्या शेजारणीने आठवड्यातून दोनदा तरी त्या वेळी जाऊन दहा मिनिटे बसावे. गावभर बोभाटा नको, फळ्यावर नावे नकोत. एकीने एकीला सांगितलेले दोघींतच राहावे. दहा मिनिटे बसायला औषध लागत नाही आणि शिक्षणही लागत नाही. सातवी पास पुरे, किंबहुना न शिकलेलीही चालेल. कान तेवढे शाबूत हवेत.

मी आरंभी विचारले होते, की छातीतला आवाज ज्याचा त्याला ऐकू येतो का? काहींना येतो, पुष्कळांना येत नाही. म्हणून तो ऐकण्याचे काम एकट्या त्या माणसाचे नव्हे, शेजारी बसणाऱ्याचेही आहे.